बिनवार्निशची कॉइल

रावेर,
मंगळवार (सुरुवात रविवारी केली होती)

आदरणीय पंडितभाऊंस लीलाधरचा नमस्कार.

तब्येत कशी आहे? गुडघ्याचं दुखणं कमी आहे का? वहिनींची शुगर? तुमच्याकडे सगळे मजेत असतील असं मी धरून चालतो, कारण नऊ वर्षांत कोणी काही कळवलं नाही म्हणजे वाईट तरी काही नसावं. (मीही कळवलं नाही. आमच्याकडेही वाईट काही नाही.) नरडाण्याच्या कारखान्यात तुम्ही वायंडिंग खात्याचे सुपरवायझर झालात हे मंजुळाच्या माहेरून कळलं, तिचं शिंदखेडा तिथून जवळच. फोन का केला नाही असं तुम्ही म्हणाल. माझं नाव पाहून तुम्ही उचलला नसता, आणि चुकून उचलला असता तर मला बोलता आलं नसतं. पत्राचं बरं असतं. मध्येच ठेवून दुकानाच्या दारापर्यंत जाऊन येता येतं. एवढं लिहीपर्यंत मी तीनदा जाऊन आलो.

सध्या माझं असंच चाललंय. बूड म्हणून टेकत नाही. जेवता जेवता उठतो, गिऱ्हाईक बोलत असताना उठतो, दाढी अर्धी करून उठतो. मंजुळानं परवा विचारलं की डॉक्टरकडे जायचं का. मी म्हटलं, डॉक्टरला सांगू काय? हायड्रोजनमुळे होतंय म्हणून? ती म्हणाली, मग पंडितभाऊंना लिहा. तेव्हा लिहितोय. दुसरं काही कारण नाही.

धुळ्याच्या अक्काची सुलक्षणा तुम्हाला आठवत असेल. उन्हाळ्याच्या सुटीत दुकानात यायची, तुमच्या शेजारी फतकल मारून बसायची आणि जळक्या मोटारीतली तार सोडवताना तुम्हाला दर मिनिटाला एक प्रश्न विचारायची. (तुम्ही उत्तरं द्यायचात. मी म्हणायचो, हिला बाहेर काढा.) ती आता पुण्याला एका मोठ्या संस्थेत संशोधन करते. चार वर्षं झाली. काय करते हे अक्कालाही नीट सांगता येत नाही. लग्नकार्यात कोणी विचारलं तर अक्का 'गॅसमध्ये आहे' म्हणते, आणि लोक सिलेंडरचं विचारायला लागतात.

संक्रांत झाल्यावरच्या शनिवारी ही पोरगी न कळवता दुकानात उभी. हातात पुठ्ठ्याचा खोका, खांद्याला पिशवी, आणि चेहरा असा की मला वाटलं अक्काचं काही बरंवाईट झालं. खोक्यातून तिनं एक जळकी कॉइल काढून काउंटरवर ठेवली. पंडितभाऊ, आपण दोघांनी जळक्या कॉइली हजारांनी पाहिल्या, पण ही चिमुकली, बांगडीएवढी. म्हणाली, "मामा, अशा दोन हव्यात. बाहेरच्या देशातून मागवल्या तर पाच महिने लागतील. आणि फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी आमचा लेसर दुसऱ्या लोकांच्या कामाला जातो. मग वर्षभर मिळत नाही."

मी विचारलं, हिनं चालवता काय? तर म्हणाली, काही चालवत नाही, हायड्रोजनचे अणू धरून ठेवतो.

त्या वेळी आपला विवऱ्याचा अभिमन दुकानात बसलेला. (केळीवाला अभिमन. त्याची साडेसात हॉर्सपॉवरची मोटार जळून पडली होती आणि ती हलत नाही तोवर तोही हलत नाही.) तो म्हणाला, "येवढा बारका अणू धरीसन करतीन काय हे लोकं?" प्रश्न माझाही तोच होता, पण मामा असल्यामुळे मला विचारता येत नव्हता. सुलक्षणानं अभिमनला खुर्ची ओढायला लावली आणि सांगितलं. हायड्रोजन म्हणजे जगातला सगळ्यांत साधा अणू. एवढा साधा की त्यावर कोणत्या रंगाचा उजेड लागू पडणार हे कागदावर आधी काढता येतं, पुढचे दहा-बारा आकडे बरोबर. मग खरोखर मोजायचं. कागदावरचं आणि मोजलेलं शेवटच्या आकड्यापर्यंत जुळलं तर शास्त्र बरोबर. नाही जुळलं तर कुठेतरी आजवर कोणाला न दिसलेली गोष्ट आहे. पण हा अणू पळतो. उजेडासमोरून सटकन जातो, मोजायला सवड देत नाही. म्हणून आधी त्याला भयंकर थंड करायचा, उणे दोनशे सदुसष्ट अंश, म्हणजे जरा हळू होतो, आणि मग दोन कॉइलींच्या मधोमध चुंबकानं अडवून ठेवायचा.

अभिमन म्हणाला, म्हणजे नाक्यावर ट्रक थांबवल्याशिवाय नंबर नीट वाचता येत नाही तसं. सुलक्षणा म्हणाली, अगदी तसं काका. तेव्हापासून अभिमन स्वतःला त्या संस्थेतलाच समजतो.

मी तिनं आणलेला कॉइलींचा नकाशा पाहिला आणि लगेच चूक काढली. दोन कॉइली समोरासमोर आणि करंट उलटसुलट दिशेनं! म्हटलं, बाई, दोन्हींचा जोर मध्ये मारला जाईल, मधोमध शून्य येईल. तिचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदा खुलला. म्हणाली, "तेच शून्य हवंय मामा. काही अणू चुंबकाला घाबरतात. चहूबाजूंनी चुंबक लावला की ते मधल्या शून्यात येऊन बसतात." तीस वर्षांच्या धंद्यात मी शून्य कोणाला मुद्दाम मागताना पाहिलं नव्हतं.

कामाच्या अटी तिनं तीनदा सांगितल्या. प्रत्येक कॉइलला दोनशे अठ्ठेचाळीस वेढे, वेढ्याला वेढा चिकटून, एकावर एक चढता कामा नये. तार तिनं आणलेलीच वापरायची, पिवळ्या बारीक पट्टीचं आवरण असलेली. हातमोजे घालायचे. तेल नको, ग्रीस नको, आणि मामा, वार्निश तर मुळीच नको. कारण कॉइल ज्या डब्यात बसणार त्यातली हवा पूर्ण काढून घेतात. तिथे वार्निशचा थेंबभर वास सुटला तरी तो आठवडाभर निघत नाही आणि हायड्रोजन त्या वासाला धडकून पळून जातो. मी म्हटलं, समजलं. तीनदा म्हटलं.

कॉइल मी मशीनवर चढवली. (मशीन म्हणजे तेच, नऊ वर्षांपूर्वीचं. असो.) मशीननं पहिल्या फेरीतच पिवळी पट्टी खरवडली. मग तारेच्या वाटेत मऊ लोकरी नमद्याचा तुकडा घातला, वेग कमी केला, आणि दोन दिवसांत दोन्ही कॉइली उतरल्या. दिसायला बऱ्या. पण पंडितभाऊ, खरं सांगतो, काउंटरवर ठेवल्यावर त्या मला पाहवेनात. उघड्याबोडक्या. वेढे जरा हललेसुद्धा. आपल्या दुकानातून बिनवार्निशची कॉइल बाहेर गेली असं कधी झालंय का? उद्या करंट दिला, वेढा सरकला, शॉर्ट झालं, तर पुण्याचे लोक म्हणतील, मामानं कच्चं काम दिलं. तेव्हा मी एकच, अगदी पातळ, हात लावला न लावला असा वार्निशचा हात दिला. सहा तास भट्टीत सुकवल्या. फडक्यानं पुसल्या. नाक लावून पाहिलं, वास नाही. सुलक्षणा आली, कॉइली पाहिल्या, माझ्या पाया पडली आणि घेऊन गेली. पाया पडली तेव्हा मला जरा कसंसंच झालं.

चौथ्या दिवसापासून तिचे फोन सुरू झाले. डब्यातली हवा उतरत नव्हती. जेवढी उतरायला हवी त्याच्या हजारपट जास्त राहत होती. त्यांना वाटलं कुठेतरी गळती आहे. मग तिथली सगळी शिकलेली माणसं नळीनं प्रत्येक जोडावर हेलियम मारत बसली, तीन दिवस, एकेक बोल्ट करत. आपण ट्यूबचं पंक्चर पाण्यात धरून शोधतो तसं, फक्त तेवढे बुडबुडेसुद्धा दिसत नाहीत. गळती सापडेना. रोज संध्याकाळी सुलक्षणा फोनवर मला तपशील सांगायची, कारण अक्काला सांगून उपयोग नव्हता. मी "अरेरे" म्हणायचो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, एक झाकण तिनंच धुतलं होतं, चूक तिचीच असणार. सरांनाही तसंच वाटतंय, बोलत नाहीत एवढंच. मग म्हणाली, "मामा, मला वाटतं मी या कामाची नाही. धुळ्याला ज्युनिअर कॉलेजवर जागा निघणार आहे म्हणतात."

मी फोन ठेवला आणि ताटावरून उठलो. मंजुळानं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, गळती सापडत नाही. ती भाकरी थापत होती. मागे न बघता म्हणाली, "भट्टीले तो दिन वार्निशना वास येत व्हता. तुम्ही सांगतस का मी सांगू?"

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी सांगतो का याची वाट पाहत होती.

फोन लावायला मला पाऊण तास लागला. (त्यात चार वेळा पाणी प्यालो.) सांगितलं. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "कोणतं वार्निश?" मी कंपनी सांगितली. मग म्हणाली, "बरं. म्हणजे झाकण मी नीट धुतलं होतं." आणि रडायला लागली. दोन मिनिटांनी नाक ओढून हिशेब सांगितला: नऊ दिवस उरलेत, डबा उघडून धुवायला दोन, तापवून पुन्हा हवा काढायला तीन. माझ्या वाट्याला चार. "जमेल का मामा?"

जमेल म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मशीनवर होणार नव्हतं. वार्निशचा आधार नसेल तर वेढे स्वतःच्या ताणावर बसले पाहिजेत, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारख्या ताणावर, आणि तो ताण मशीनला कळत नाही. तो हातालाच कळतो. हे वाक्य दुकानात मोठ्यानं म्हणणारा माणूस तुम्हाला माहीत आहे. मशीन आलं त्या सकाळी तो दारात उभा राहिला, मशीनकडे पाहिलं, अंगातला कामाचा सदरा काढून खिळ्याला अडकवला आणि एक अक्षर न बोलता एसटी स्टँडकडे चालू लागला. मी हाक मारायला हवी होती की नको, यावर मी अधूनमधून विचार करतो. असो.

चार दिवस दुकान बंद ठेवलं. म्हणजे शटर अर्धं. अभिमन त्याखालून वाकून आत आला. "माही मोटार कधी भेटीन ते सांग पहिले. बाग सुकू राह्यला." त्याचं खरं होतं. घड पडायच्या वेळेला पाणी तुटलं तर वर्षाचं पीक जातं. मी त्याला सगळं सांगितलं, वार्निशसकट. तो जळक्या मोटारीवर बसला. मग त्यानं चुलतभावाला फोन करून चार दिवसांचं पाणी मागितलं. (या दोघांत बांधावरून सहा वर्षं बोलणं नव्हतं. चुलतभाऊ म्हणाला, पाइप तुझा आण.) फोन ठेवून अभिमननं विचारलं, वेढे कोण मोजतंय? मी म्हटलं, मीच. म्हणाला, तुझ्यानं एका वेळी दोन कामं झाली असती तर माझी मोटार तयार असती. आणि वही घेऊन मोजायला बसला.

पहिली कॉइल मी शंभर वेढ्यांपर्यंत नेली आणि तार निसटली. दुसऱ्यांदा एकशे साठपर्यंत गेलो. त्या वेळी अभिमनचा फोन वाजला, तो "हॅलो" म्हणाला आणि आकडा विसरला; मी त्याच्यावर ओरडायला मान वळवली आणि तार निसटली. तिसऱ्यांदा फोन बंद, दार बंद, बोलणं बंद, आणि तरी तीस वेढ्यांवर वेढा चढला. मशीनसमोर नऊ वर्षं बटण दाबून माझ्या बोटांना तार म्हणजे काय तेच आठवेना. शेवटी मंजुळानं मोजे चढवले आणि तार हातात धरली, मी बॉबिन फिरवलं, अभिमननं मोजलं. तिसऱ्या दिवशी दुपारी एक, चौथ्या दिवशी दुपारी दुसरी. अशा रीतीनं मी त्या दोन्ही कॉइली हातानं पूर्ण केल्या.

या वेळी मीच घेऊन गेलो. भुसावळहून गाडी धरली, डबा मांडीवर. शेजारच्या बाईनं विचारलं, मिठाई का? म्हटलं, नाही, शून्य आहे. तिनं जागा बदलली.

त्यांची प्रयोगशाळा पाहून माझी निराशा झाली, हे तिला सांगितलेलं नाही. मला वाटलं होतं काहीतरी भव्य असेल. एक टेबल, त्यावर आरसेच आरसे, मध्ये दुधाच्या कॅनएवढा स्टीलचा डबा, आणि सगळ्याला चांदीचा कागद गुंडाळलेला, पोळ्या बांधल्यासारखा. एका काचेच्या नळीत हायड्रोजन गुलाबी पेटलेला दिसत होता. तेवढं एकच पाहण्यासारखं. लेसरचा उजेड तर डोळ्यांना दिसतच नाही. सुलक्षणानं नाकाला रुमाल बांधून कॉइली बसवल्या, झाकण लावलं, आणि तीन दिवस पंप चालला. ते तीन दिवस मी संस्थेच्या बागेत फेऱ्या मारल्या. पहारेकऱ्यानं दोनदा नाव लिहून घेतलं.

हवा उतरली. आकडा पाहून सर पहिल्यांदा माझ्याशी बोलले. म्हणाले, कॉइल चांगली आहे. मी म्हटलं, बिनवार्निशची आहे. ते म्हणाले, हो, ऐकलंय.

रविवारी दुपारी, शेवटच्या दिवशी, अणू धरायला बसले. रीत अशी: कॉइलींत करंट सोडायचा, अणू येतील ते येतील, अर्धा सेकंद धरायचे, मग लेसर मारायचा. अणूला लेसर लागला की तो फुटतो आणि एक यंत्र त्याची नोंद घेतं. पडद्यावर आकडा येतो. आधी करंट न देता पाहिलं: तीन, दोन, चार. म्हणजे अणू नसतानाही यंत्र आपलं काहीबाही मोजतंच. मग करंट दिला. तीन. पुन्हा दिला. दोन. सर माझ्याकडे पाहत नव्हते, पण ज्या तऱ्हेनं पाहत नव्हते ते मला कळत होतं. सुलक्षणा उठली, टेबलाला एक चक्कर मारली आणि आरशांमधला एक इवलासा पडदा बोटानं बाजूला केला. लेसर डब्यापर्यंत पोचतच नव्हता. कोणीतरी सकाळी बंद केलेला. (तिनंच. नंतर कबूल केलं.)

पुढचा आकडा आला एकोणीस.

मी खुर्चीतून उठलो. मोटारीला पाणी आलं की आपण उठतो तसा. पण तिनं हात करून मला बसवलं आणि करंट बंद केला: तीन. चालू: बावीस. बंद: दोन. चालू: सतरा. असं ती दोन तास करत राहिली, पंडितभाऊ. चालू, बंद, चालू, बंद, चेहऱ्यावरची रेष हलू न देता. आपल्याकडे पाणी एकदा आलं की शेतकरी गुळाचा खडा हातावर ठेवतो. ही पोरगी एवढी वाट पाहून, एवढं रडून, समोर आलेल्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हती. साडेपाचला तिनं सगळे आकडे मांडले, सरांना दाखवले. मग माझ्याजवळ स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "मामा, आहेत."

एवढंच. पंधरा-वीस अणू, अर्धा सेकंद. डोळ्यांना काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेसर ढकलत दुसऱ्या खोलीत नेला. सुलक्षणाच्या कामाची मुदत वाढली. सर म्हणाले, आता वर्षभर थांबायला नको, जून महिन्यात लेसर त्या लोकांकडून पंधरा दिवस मागून घेतो, या वेळी खरं मोजमाप. ज्युनिअर कॉलेजचं तिनं पुन्हा नाव काढलं नाही. घरी आलो, पहिली नवी तार भरली ती अभिमनच्या मोटारीत. बाग वाचला, दोन ओळी सोडून. आणि तेव्हापासून मला बसवत नाही. हातात नेहमीचं काम आहे, पंप चालतात, पाणी येतं, लोक नमस्कार करतात. तरी सारखं वाटतं की काहीतरी करायचं राहून गेलंय आणि उठून दारापर्यंत जाऊन यावं.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जपा. पत्राचं उत्तर सवडीनं दिलं तरी चालेल.

तुमचा,
लीलाधर

ता. क. सवडीनं चालणार नाही. जूनसाठी त्यांना आणखी चार कॉइली हव्यात, आधीच्यापेक्षा बारीक तारेच्या, मे अखेरपर्यंत. ते काम माझ्या हातून होणार नाही. सरांनी विचारलं, तुमच्याकडे दुसरं कोणी आहे का? मी तुमचं नाव सांगून बसलो. म्हटलं, आहेत, सध्या सुटीवर आहेत. नऊ वर्षांची सुटी हे सांगितलं नाही. कारखान्यातून पंधरा दिवस निघू शकाल का? मशीनवर मी कापड टाकून ठेवीन.

ता. क. दुसरा. मंजुळा वाचते आहे आणि 'मी कॉइली पूर्ण केल्या' हे दुरुस्त केल्याशिवाय पाकीट देत नाही. तर दुरुस्ती: कॉइली तिनं वळल्या. बॉबिन फिरवायला कोणीही चाललं असतं. तुम्ही तार कशी धरायचात, अंगठा कुठे ठेवायचात, ते तिनं चौदा वर्षं चहा आणून देता देता पाहून ठेवलं होतं. मी शेजारी बसून पाहिलं नव्हतं.

पंडितभाऊ, मी मंजुळा. हाई पत्र मी तीन दाव वाचं. ज्या गोटनाकरता हाई माणूस लिखाले बसना ती गोट यामा कोठेज नही. मशीन आनं तवय तुमले इचारं नही, ती आमनी चूक व्हती. येवढं एक वाक्य त्यासना तोंडमाईन नऊ वरीसथीन निंघत नही. 'असो, असो' करी राहिनात. म्हनीसन मी लिखी दिधं. आते ते दारजोडे उभा शेतस. या.